कांजी, बेलफळ आणि गोव्याचा वैद्य

मोडशी हा शब्द शहरी मराठी घरांतून आता जवळजवळ हद्दपार झाला आहे. अजीर्ण होऊन उलट्या-जुलाब सुरू झाले, की पूर्वीची वडीलधारी माणसे मोडशी झाली असे म्हणत. पटकीलाही हाच शब्द लावला जाई. हा घरगुती शब्द सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या तोंडी बसला, त्यांच्याकडे त्याचा ‘मोर्देशिम’ झाला आणि पुढे फ्रेंचांनी तर ध्वनिसाम्यावरून त्याचे कुत्र्याचे मरण अशा अर्थाच्या शब्दांत रूपांतर करून टाकले. हा मराठी-कोंकणी शब्द, त्या रोगाची लक्षणे आणि त्यावरचे इथले उपचार १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या एका ग्रंथात नोंदवले गेले. तो ग्रंथ लिहिणाऱ्या पोर्तुगीज वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

आज जगभरातील प्रयोगशाळांत वनस्पतींच्या डिंकापासून, फळांच्या सालींतील पेक्टिनपासून आणि धान्याच्या पिष्टापासून पाण्याने फुगणारे लगदे तयार केले जात आहेत. त्यांना हायड्रोजेल म्हणतात. आतड्याच्या जुनाट दाहावरील औषध अशा जेलमध्ये कोंडून नेमके मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचवावे आणि तेथे ते हळूहळू सुटावे, असा हा प्रयत्न आहे. या संशोधनात बेलफळाचा डिंक आहे, गवारीचे बी आहे, इसबगोल आहे आणि मोसंबीच्या वर्गातील फळांच्या सालीही आहेत. यांपैकी बेलफळ पोटाच्या विकारात कसे वापरतात, हे युरोपला सविस्तर सांगणाऱ्या पहिल्या लेखकांत ओर्ताची गणना होते. औषध कोठून आले यापेक्षा ते रोग्याच्या पोटात काय करते हे पाहावे, हा त्याचा आग्रह होता. त्या आग्रहामागे एका धास्तावलेल्या आयुष्याची पार्श्वभूमी होती.

निर्वासितांचा मुलगा

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विद या सीमेवरील गावात झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा हजारो कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, तेथेही ज्यूंवर सक्तीने ख्रिस्ती धर्म लादण्यात आला. अशा बाटवलेल्या कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हटले जाई. ती चर्चमध्ये जात, पण त्यांच्याकडे संशयाने पाहणाऱ्या नजरा कधी दूर झाल्या नाहीत. ओर्ता लहान असतानाच, १५०६ मध्ये, लिस्बनमध्ये नव्या ख्रिस्त्यांची मोठी कत्तल झाली. घराच्या चार भिंतींआड काय चालते हे बाहेर कळू न देण्याची सवय या समाजाला लहानपणापासूनच लावावी लागे.

मुलगा हुशार होता. स्पेनमधील सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत त्याने कला, तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचे शिक्षण घेतले. त्या काळचे वैद्यक म्हणजे मुख्यत्वे ग्रीक आचार्य गॅलन आणि डायोस्कॉरिडिस यांचे, तसेच इब्न सीना या थोर हकिमाचे ग्रंथ. हे ग्रंथ वाचायचे, त्यांवर टीका-टिप्पणी करायची आणि त्यांतील वचन अंतिम मानायचे, अशी रीत होती. १५२६ मध्ये त्याला वैद्यकीचा परवाना मिळाला. पुढे त्याने लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. प्रतिष्ठा मिळू लागली होती, पण वारे फिरत होते. पोर्तुगालमध्येही स्पेनसारखे धर्मन्यायालय आणावे, अशी हालचाल दरबारात सुरू होती.

मार्च १५३४ मध्ये ओर्ताने लिस्बन सोडले. मार्तिं आफोंसो द सौझा या सरदाराचा खासगी वैद्य म्हणून तो हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजावर चढला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गोव्यात उतरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले. ओर्ता मायदेशी पुन्हा कधीही गेला नाही.

गोवा ते अहमदनगर

पहिली काही वर्षे सौझाच्या आरमाराबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर फिरला. दीवपासून मलबारपर्यंतची बंदरे, बाजार आणि छावण्या त्याने पाहिल्या. १५३८ मध्ये सौझा परत गेला, ओर्ता मात्र गोव्यातच राहिला. मांडवीच्या काठी वसलेले तेव्हाचे गोवे हे पूर्वेकडील व्यापाराचे मोठे केंद्र होते. मिरी, लवंग, कापूर, हिंग, अफू, कोरफडीचा बोळ, हिरडा असा सारा औषधी माल तेथील बाजारात उतरत असे. युरोपातील वैद्याने ज्यांची नावे फक्त पोथ्यांत वाचली होती, ती द्रव्ये येथे टोपल्यांतून विकायला येत. ओर्ताने वैद्यकी सुरू केली, औषधी द्रव्यांचा आणि रत्नांचा व्यापारही केला आणि घराच्या बागेत झाडे लावली. एकामागून एक आलेले गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे रुग्ण झाले.

त्याची कीर्ती गोव्याच्या सीमेबाहेर गेली. अहमदनगरचा सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशाह याच्यावर उपचार करण्यासाठी ओर्ता दख्खनमध्ये जात असे. त्या दरबारात अरबी-फारसी विद्येत पारंगत असलेले हकीम होते. एका बाजूला लॅटिन ग्रंथांवर वाढलेला पोर्तुगीज आणि दुसऱ्या बाजूला त्याच ग्रीक परंपरेची अरबी शाखा जाणणारे हे हकीम, अशी तेथे गाठ पडली. सुलतानाला स्वतःलाही या चर्चांत रस होता. रोगांची आणि औषधांची अरबी नावे सुलतानाने ओर्ताला सांगावीत आणि ओर्ताने त्यांचे लॅटिन प्रतिशब्द सांगावेत, असा क्रम चाले. वर्षातील काही महिने दरबारात राहण्यासाठी निजामशाहने देऊ केलेली मोठी नेमणूक मात्र ओर्ताने स्वीकारली नाही. बुऱ्हाण निजामशाह १५५३ मध्ये वारला. त्याच्या मैत्रीचा उल्लेख ओर्ताने आपल्या ग्रंथात आदराने केला आहे.

हकिमांबरोबरच इथले वैद्यही त्याचे शिक्षक होते. गोव्यातील मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याचा उल्लेख त्याच्या ग्रंथात येतो. ओर्ताला संस्कृत येत नव्हते. चरक-सुश्रुतांच्या संहिता त्याने वाचल्या नव्हत्या. त्यामुळे इथल्या वैद्यकाचे शास्त्र त्याच्या हाती आले नाही, हाती आला तो व्यवहार. कोणती मुळी कोणत्या रोगावर देतात, किती देतात, कशाबरोबर देतात आणि गुण येतो की नाही, एवढे तो विचारत राहिला आणि लिहून ठेवत राहिला.

पोटाचे रोग, इथली औषधे

सहा-सहा महिने जहाजावर काढून गोव्यात उतरणाऱ्या शिपायांना आणि खलाशांना पोटाच्या विकारांनी हैराण करून सोडले होते. आव, रक्ती हगवण आणि मोडशी हे त्यांचे मोठे शत्रू. १५४३ मध्ये गोव्यात मोडशीची भयंकर साथ आली. गास्पार कुरैया या बखरकाराने तिचे वर्णन केले आहे. माणसे इतक्या झपाट्याने मरत होती, की रोगाचे कारण समजावे म्हणून गव्हर्नरने एका मृतदेहाचे विच्छेदन करवले. तेव्हा गव्हर्नर होता ओर्ताचा जुना आश्रयदाता सौझा.

ओर्ताने या रोगासाठी आपल्या ग्रंथातील सतराव्या संवादात बरीच जागा दिली आहे. नाडी मंदावते, अंगाला थंड घाम सुटतो, आतून मात्र आग होते, तहान शमत नाही, डोळे खोल जातात, पायांना गोळे येतात आणि उलट्या-जुलाब माणसाला संपवून टाकतात, हे वर्णन आजच्या डॉक्टरालाही ओळखता येईल. युरोपपेक्षा इथला हा रोग कितीतरी तीव्र आहे, रोगी दिवसभरातच दगावतो, आणि जून-जुलैत त्याचा जोर वाढतो, हेही त्याने टिपले.

त्याहून लक्षणीय आहे ती उपचारांची नोंद. युरोपीय रीत पोट साफ करण्यावर भर देणारी होती. आधीच पाणी गमावलेल्या रोग्याला आणखी ओकारी आणि बस्ती दिली जाई. इथले वैद्य मात्र मिरी आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजत. ओर्ताने त्याचे ‘कांजी’ हे नाव जसेच्या तसे लिहून ठेवले. पायांवर डाग देणे, गोळे आलेले पाय पट्ट्यांनी बांधणे, डोळ्यांत मिरी घालणे असे क्रूर वाटणारे उपायही त्याच यादीत आहेत. त्याने त्यांतील काही गाळले नाही आणि सगळ्याला डोक्यावरही घेतले नाही.

कांजीमागील शास्त्र समजायला चारशे वर्षे जावी लागली. ग्लुकोज आतड्यातून शोषले जाताना आपल्याबरोबर सोडियम आणि पाणीही आत नेते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झाले. त्यावरूनच मीठ-साखरेच्या पाण्याचा उपचार सिद्ध झाला आणि १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवला. पुढे साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही असे मिश्रण तयार करण्यात आले. पिष्टातील लांब साखळी आतड्यात हळूहळू तुटते आणि ग्लुकोज थोडे थोडे मोकळे होते. शिजलेल्या भाताची पेज म्हणजे पिष्टाचे पातळ जेलच. एखादा पदार्थ आतड्यात सावकाश सुटावा, ही कल्पना तिच्यात नकळत साधली गेली होती.

हगवणीसाठी ओर्ताने मलबारी वैद्यांकडून ‘कोरू’ नावाच्या झाडाची माहिती मिळवली. अभ्यासक त्याचा संबंध आपल्या कुड्याशी जोडतात. कुड्याची साल आजही कुटजारिष्टाच्या रूपाने आयुर्वेदात वापरली जाते. दुसरे औषध बेलफळ. पोर्तुगीज त्याला बंगालचे मार्मेलो म्हणत. मार्मेलो हे युरोपातील एक तुरट फळ, त्याचाही मुरंबा करतात. ओर्ताने या फळाची ‘सिरिफोले’ आणि ‘बेली’ ही नावे दिली आहेत. श्रीफळ आणि बेल हे आपले शब्द त्यांत सहज ओळखू येतात. हगवणीत या फळाचा उपयोग कसा होतो, हे त्याने नोंदवले.

धडपडीतून छापलेला ग्रंथ

गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. सात वर्षांनी, १० एप्रिल १५६३ रोजी, जोआंनिस द एंदें या मुद्रकाने ओर्ताचा ग्रंथ छापून पूर्ण केला. हिंदुस्थानातील वनौषधी, औषधी द्रव्ये आणि वैद्यकीय वस्तू यांविषयीचे संवाद, असे त्याचे नाव. मुद्रण सदोष होते, चुकांची दुरुस्तीच कित्येक पानांची झाली. ग्रंथ लॅटिनमध्ये नसून पोर्तुगीजमध्ये होता. विद्वानांपुरता तो राहू नये, व्यापारी आणि खलाशी यांनाही वाचता यावा, असा हा मार्ग होता.

ग्रंथाची मांडणी संवादाची आहे. एक आहे स्वतः ओर्ता, दुसरा डॉ. रुआनो. रुआनो हे काल्पनिक पात्र. तो ओर्ताच्याच विद्यापीठांत शिकलेला आणि गोव्यात नुकताच उतरलेला. ग्रीक आचार्यांचे वचन तो पुढे करतो, ओर्ता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मध्येच अंतोनिया नावाची दासी एखादे फळ किंवा मुळी आणून समोर ठेवते आणि वाद तेथेच मिटतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही या ग्रंथात आहे. रुआनो हा अभ्यासकांना ओर्ताचाच दुसरा आवाज वाटतो. विद्यापीठात घोकलेली पोथी आणि बाजारात पाहिलेली वस्तू यांचे भांडण एकाच माणसाच्या मनात चालले होते.

आंबा, फणस, सुपारी, नारळ, भांग, अफू, धोत्रा, निर्गुडी, कडुनिंब, हिरडा, निशोत्तर, चिंच अशी एकेक वस्तू घेऊन ग्रंथ पुढे जातो. अधूनमधून दख्खनच्या राजकारणाच्या गोष्टी येतात, बुद्धिबळाचा विषय निघतो, वसईजवळच्या लेण्यांची वर्णने येतात. ग्रंथाच्या आरंभी व्हाइसरॉयला उद्देशून एक कविता आहे. ती लिहिणारा कवी त्या वेळी गोव्यात हलाखीत दिवस काढीत होता. त्याचे नाव लुईस द कामोंइश. पुढे पोर्तुगालचा राष्ट्रकवी ठरलेल्या या माणसाची छापली गेलेली ही पहिली कविता.

या ग्रंथाचे मोठेपण मान्य करताना त्याच्या मर्यादाही पाहायला हव्यात. अंतोनिया दासी होती, तिच्या कष्टावर आणि माहितीवर ग्रंथाचा काही भार आहे. अनेक वैद्यांची नावे त्यात नाहीत. इथल्या वैद्यकाबद्दल ओर्ता कधी कौतुकाने तर कधी तुच्छतेने लिहितो. तो विजेत्यांच्या बाजूचा माणूस होता आणि तेवढ्यापुरती त्याची दृष्टी बांधलेली होती.

मुंबई बेटाचा पट्टेदार

मुंबईकरांना ओर्ताची ओळख आणखी एका कारणाने असायला हवी. १५५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने मुंबई बेट त्याला वार्षिक खंडावर दिले. आजच्या फोर्ट भागात त्याचा वाडा आणि बाग होती असे मानले जाते. इंग्रजांनी १६६५ मध्ये बेटाचा ताबा घेतला तेव्हा तेथे जो मोठा वाडा होता, त्याचा संबंध इतिहासकार ओर्ताच्या वाड्याशी लावतात. वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड आपल्या मुंबईच्या जागेत असल्याचे तो अभिमानाने सांगतो. किनाऱ्यावरच्या कष्टकरी कुणबी समाजाची नोंदही त्याच्या ग्रंथात आहे.

बाहेरून पाहता हे यशस्वी माणसाचे आयुष्य होते. राज्यकर्त्यांशी मैत्री, बेटाची पट्टेदारी, सधन नात्यातील ब्रियांदा द सोलिस हिच्याशी विवाह, दोन मुली. आत मात्र भीती होती. लिस्बनमध्ये राहिलेल्या त्याच्या दोन बहिणींना १५४७ मध्ये धर्मन्यायालयाने अटक केली होती. सुटका झाल्यावर १५४९ मध्ये त्या आईसह गोव्यात आल्या. आपल्या माणसांना ओर्ताने समुद्रापार आणून सुरक्षित केले, असे त्या वेळी वाटले असेल.

ते खरे ठरले नाही. १५६० मध्ये गोव्यातही धर्मन्यायालय स्थापन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी ओर्ताने आपला ग्रंथ छापला. पोथीपेक्षा प्रत्यक्ष अनुभव मोठा, असे त्यात तो लिहीत होता, तेव्हा घरातल्या प्रार्थनेचा एखादा शब्दही बाहेर फुटला तर काय होईल हे त्याला ठाऊक होते.

अस्थींनाही शिक्षा

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला, अटक न होता. त्याच्या मृत्यूनंतर काही काळातच त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. या चौकशीतील नातेवाइकांच्या जबान्यांत ओर्ताचे नाव आले. तोही पूर्वजांचा धर्म मनोमन मानत होता, असे त्यांतून पुढे आले. मेलेल्या माणसावरही खटला चालवण्याची धर्मन्यायालयाची रीत होती. ४ डिसेंबर १५८० रोजी ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आल्या आणि राख मांडवीत टाकण्यात आली.

ही हकिगत कित्येक शतके विस्मृतीत होती. एकोणिसाव्या शतकात त्याचे चरित्र लिहिणाऱ्या पोर्तुगीज विद्वानालाही ती माहीत नव्हती. विसाव्या शतकात लिस्बनमधील धर्मन्यायालयाची कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा ती उजेडात आली. त्याच देशाने पुढे २०० एस्कुदोच्या नाण्यावर ओर्ताची प्रतिमा छापली. पणजीच्या मध्यवस्तीतील उद्यानालाही त्याचे नाव देण्यात आले.

ग्रंथ मात्र जाळून संपला नाही. चार्ल्स द लेक्लूझ या वनस्पतितज्ज्ञाला त्याची एक प्रत १५६४ मध्ये लिस्बनमध्ये मिळाली. संवादाचे रूप काढून टाकून त्याने लॅटिन संक्षेप केला आणि तो १५६७ मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध झाला. गोव्यात ओर्ताला भेटलेल्या क्रिस्तोव्हाल आकोस्ताने १५७८ मध्ये चित्रांसह दुसरा ग्रंथ काढला. अशा रीतीने कोकण, मलबार आणि दख्खनच्या वैद्यांचे ज्ञान युरोपभर गेले. बेलफळ पुढे १८६८ च्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या अधिकृत औषधकोशातही आले.

बेलाचा डिंक आणि आजचे जेल

पिकलेले बेलफळ फोडले, की बियांभोवती पारदर्शक, चिकट डिंक दिसतो. पूर्वी तो चिकटवण्यासाठी आणि रंगात मिसळण्यासाठी वापरत. गरात पेक्टिन आणि बुळबुळीत तंतू असतात. पाणी मिळताच हे पदार्थ फुगतात, आतड्याच्या अस्तरावर लेप धरतात आणि द्रवाला घट्टपणा देतात. बेलाचा मुरंबा हगवणीत उपयोगी पडतो, यामागे टॅनिनच्या तुरटपणाइतकाच या बुळबुळीचाही वाटा असावा, असे म्हणता येते. फुललेला सब्जा, भिजवलेले इसबगोल आणि भेंडीची तार ही याच गुणधर्माची घरातली उदाहरणे.

हायड्रोजेल म्हणजे लांब साखळ्यांचे असे जाळे, की जे पाणी शोषून फुगते पण विरघळून जात नाही. या जाळ्यात औषधाचे रेणू अडकवता येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या विकारात दाह मोठ्या आतड्यात असतो. साधी गोळी घेतली तर औषध जठरात आणि लहान आतड्यातच शोषले जाते. ते साऱ्या शरीरात पसरते आणि दुखऱ्या जागी थोडेच उरते. म्हणून औषध आधी अडवून ठेवायचे आणि नेमक्या जागी सोडायचे, हे उद्दिष्ट आहे.

याची पहिली वाट स्वीडनच्या डॉ. नान्ना स्वार्त्स यांच्या सल्फासालाझिन या औषधाने दाखवली. १९४० च्या दशकात वापरात आलेल्या या औषधातील एक रासायनिक बंध मोठ्या आतड्यातील जिवाणूच तोडतात आणि मगच त्यातील गुणकारी भाग मोकळा होतो. हा गुणकारी भाग कोणता, हे १९७७ मध्ये ऑक्सफर्डमधील अभ्यासाने स्पष्ट केले. वनस्पतींची पॉलिसॅकराइड्स हेच काम वेगळ्या रीतीने करू शकतात. पेक्टिन आणि गवारीचा डिंक माणसाच्या पाचकरसांनी पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांना खातात. म्हणजे वेष्टन तेथेच उघडते, जेथे औषध हवे आहे.

सांगायला हे सोपे आहे, करायला अवघड. नुसते पेक्टिन वाटेतच पाण्यात विरघळू लागते. त्यासाठी कॅल्शियमने त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात किंवा दुसऱ्या पदार्थाचे आवरण द्यावे लागते. प्रत्येक रोग्याच्या आतड्यातील जिवाणू वेगळे असतात, दाहात ते आणखी बदलतात. जुलाब चालू असतील तर औषध सुटण्याआधीच जेल बाहेर पडण्याची शक्यता असते. वनस्पतींचा डिंक हंगामानुसार, जागेनुसार बदलतो, त्याला बुरशीही लागते. औषध कंपनीला मात्र प्रत्येक गोळी सारखी हवी. म्हणूनच बाजारातील मेसालामिनच्या गोळ्या बहुतांशी आम्लता-अल्कतेनुसार विरघळणाऱ्या कृत्रिम आवरणांवर अवलंबून आहेत आणि वनस्पतिजन्य जेलांचे बरेचसे काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

या कामाचा कच्चा माल महाराष्ट्राला परका नाही. ओर्ताच्या काळी दौलताबादचा मुलूख निजामशाहीत होता. तेथून पूर्वेला असलेला जालना जिल्हा आज मोसंबीसाठी ओळखला जातो. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आले असे मानले जाते, म्हणजे या फळाच्या नावातही पोर्तुगीजांच्या सागरी वाटेची खूण आहे. जगातील व्यापारी पेक्टिन मुख्यतः अशाच आंबट-गोड फळांच्या सालींपासून आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून काढले जाते. रस काढून झाल्यावर जी साल टोपलीत जाते, तिच्यातच हा पदार्थ असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये त्याला पेक्टिन हे नाव दिले. मुरंबा धरतो तो त्याच्यामुळेच.

बेल पवित्र म्हणून औषधी, किंवा परंपरेत आहे म्हणून गुणकारी, असे म्हणणे सोपे असते. प्रयोगशाळेत सिद्ध झाले नाही म्हणून निरुपयोगी, असे म्हणणेही तितकेच सोपे. ओर्ताने या दोन्ही सोयी नाकारल्या. रोग्याजवळ बसून नाडी पाहिली, कांजी कोण पाजते आणि पुढे काय होते हे विचारले, आणि ते इथल्या माणसांच्याच शब्दांत लिहिले. मोडशी, कांजी, बेली हे शब्द त्या सदोष छपाईतूनही टिकून राहिले. त्याच्या अस्थींची राख ज्या मांडवीत टाकली गेली, तिच्याच काठी तो ग्रंथ छापला गेला होता.